विद्यार्थ्याचा वसंत

सुखदुःखांची प्रतवारी लावण्याची सवय आपल्या समाजास फार जुनी आहे. प्रपंचात गांजलेल्या गृहस्थाचे दुःख खरे मानले जाते, वृद्धाचे दुःख आदराने ऐकले जाते, आणि मूल रडू लागले तर त्यास कोणीही मांडीवर घेतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाचे सुखदुःख मात्र यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. तो खिन्न दिसला तर ‘याला काय कमी आहे?’ असा प्रश्न येतो. आनंदी दिसला तर ‘अभ्यासाकडे लक्ष नाही’ असे निदान होते. सकाळी उल्हसित असलेला मुलगा संध्याकाळी अबोल झाला, म्हणजे घरची माणसे तो वयाचा दोष समजून सोडून देतात. हा खरोखर दोष आहे काय, आणि असल्यास उपदेश हाच त्यावर उपाय आहे काय, या प्रश्नाचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु माणूस आपल्या मनाशी कसा वागणार हे ज्या वयात ठरते त्या वयाचा हा प्रश्न असल्यामुळे तो बाजूस सारता येत नाही.

विचार अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे धरू. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन हे गाव आहे. जवळच दिवेआगरचा किनारा, उत्तरेस दिघीचे बंदर, दक्षिणेस श्रीवर्धन, आणि आसमंतात नारळी-पोफळीच्या वाड्या. फाल्गुन लागला की डोंगरउतारावर पळस आणि पांगारा फुलतो, आंब्याचा मोहोर गळून बाळकैऱ्या दिसू लागतात, काजूची बोंडे पिकतात. शिमग्यास मुंबईचे चाकरमाने गावी येतात आणि चार दिवस घरे गजबजून जातात. नेमक्या याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा जवळ येतात. बोर्लीचा विद्यार्थी एस. टी.ने श्रीवर्धनास किंवा म्हसळ्यास जातो. काहीजण मुंबई-पुण्यास खोली घेऊन राहतात आणि सणापुरते घरी येतात. सगळीकडे सृष्टी बाहेर बोलावीत असते, आणि वेळापत्रक आत बसावयास सांगत असते.

अशा विद्यार्थ्याच्या एका दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. पहाटे कोकिळेच्या आवाजाने जाग आली आणि दोन प्रकरणे वाचून झाली, तेव्हा आपल्यासारखा कोणी नाही असे त्यास वाटले. गाडी चुकली आणि पहिला तास बुडाला, मन खचले. अध्यापकांनी निबंधाची स्तुती केली. मन पुन्हा आभाळाला लागले. दुपारी अंतर्गत परीक्षेचे गुण लागले आणि शेजारच्या मित्रास आपल्याहून चार अधिक मिळालेले दिसले. शिष्यवृत्तीचे पैसे अजून जमा झाले नाहीत असे कचेरीत कळले. ज्या व्यक्तीच्या निरोपाची वाट पाहत होतो तिने निरोप वाचला, पण उत्तर दिले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आई सहज म्हणाली, ‘आज वाडीत शिंपण्याला कोणी नव्हतं रे’. आणि त्या एका वाक्याने दिवसभराची कमाई बुडाली. रात्री पुस्तक उघडे, वारा पडलेला, आणि आपण कशाचेच नाही अशी खात्री. हा सारा प्रवास एका दिवसाचा आहे; उद्या तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप असा की, या गोष्टी क्षुल्लक आहेत. त्यांचे काय एवढे तत्त्वज्ञान करावयाचे? आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. गोष्ट क्षुल्लक असणे आणि तिने मनावर केलेला परिणाम क्षुल्लक असणे या दोन भिन्न बाबी आहेत. चार गुणांची किंमत चारच. परंतु मित्राचे चार गुण अधिक पाहून जो मत्सर उपजतो, तो पुढे मित्राची बढती, मित्राचे घर आणि मित्राची कीर्ती पाहून उपजणाऱ्या मत्सराचाच पूर्वज असतो. तो ओळखावयास आणि त्यास आवरावयास आज जो शिकला नाही, त्यास पन्नाशीत ते कोण शिकविणार? मोठे प्रसंग आयुष्यात थोडे येतात, आणि येतात तेव्हा शिकावयास उसंत देत नाहीत. स्वभाव घडतो तो या रोजच्या बारीक प्रसंगांतच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो धर्मग्रंथांचा आधार घेऊन येतो. सुखदुःख, लाभालाभ आणि जयापजय समान मानावे असे गीतेने सांगितले आहे. तेव्हा विद्यार्थ्यास तोच उपदेश करावा, म्हणजे प्रश्न मिटला, असे पुष्कळांस वाटते. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘मन स्थिर ठेव’ असे न सांगणारे घर विरळा. या उपदेशाची थोरवी आम्हांस मान्य आहे. त्याची वेळ आणि पद्धत यांविषयी मात्र आमची शंका आहे.

ज्या ग्रंथात समत्वाचा उपदेश आहे त्याचीच रचना पाहावी. त्याचा पहिला अध्याय अर्जुनाच्या खेदाकडे वळतो. अर्जुनाचे अंग कापते, धनुष्य हातातून गळते, आणि तो आपली व्यथा शेवटपर्यंत बोलून घेतो. श्रीकृष्ण त्यास अर्ध्यावर तोडीत नाहीत. आणि त्या अध्यायास परंपरेने नाव दिले आहे ‘अर्जुनविषादयोग’. विषादालाही योग म्हणावे, म्हणजे तो ज्ञानाचा अडथळा न मानता त्याचे दार मानावे, हे धैर्य आपल्या पूर्वजांना होते. पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे कठीण. त्यावर श्रीकृष्ण प्रथम ते कठीण आहे हे मान्य करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. आधी ऐकणे, मग कबूल करणे, मग मार्ग सांगणे, असा हा क्रम आहे. आमच्या घरांतून मात्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी मारण्याचा प्रघात पडला आहे. आणि समत्व म्हणजे काही न वाटणे, असा त्याचा सोपा पण चुकीचा अर्थ मुलांच्या हाती लागतो. शीतोष्ण आणि सुखदुःख येतात व जातात, ती सोसावीत, असे गीता म्हणते. ती जाणवूच नयेत असे ती म्हणत नाही. ज्यास काहीच जाणवत नाही त्याने सोसले काय?

जुन्या विद्याभ्यासाचे पंचांगही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे वेदाध्ययनाचा आरंभ श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस होई. साडेचार महिने अध्ययन चाले. आणि पौषात किंवा माघाच्या आरंभी त्याचे उत्सर्जन होई. त्यानंतर शुक्लपक्षात वेद आणि कृष्णपक्षात वेदांगे, असा शिथिल क्रम असे. म्हणजे आंब्यास मोहोर भरून येईपर्यंत वर्षाचे मुख्य ओझे उतरलेले असे. शिवाय अनध्यायांची लांबलचक यादी होती: अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी, विजा चमकणे, धूळ उडविणारा वारा सुटणे. ती विद्या मूठभरांसाठीच होती आणि बहुजनांस व स्त्रियांस तिचे दार बंद होते, हा तिचा दोष कोणत्याही सोयीने झाकला जात नाही. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेने ओळखली होती. शिकणारे मन ऋतूच्या बाहेर राहत नाही, आणि न शिकण्याचे दिवस हेही शिक्षणाच्याच आखणीत येतात. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून आपण जे वर्ष पत्करले त्याचे हिशेब निराळे आहेत, आणि कोकणातला पाऊस ध्यानी घेता परीक्षा वसंतातून उठवून नेण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु परीक्षा वसंतातच ठेवावयाची असेल, तर वसंताने मन हलते याबद्दल विद्यार्थ्यास अपराधी ठरवू नये, एवढे तरी न्यायाने करावयास हवे.

मन हलते ते किती हलावे? याचे उत्तर बोर्लीच्या आसपासचा कोणताही कोळी देईल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण येते. त्या दिवसांत भरती सर्वांत उंच चढते, आणि ओहोटीही त्याच दिवसांत सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वीस वर्षांचे मन हे उधाणाचे मन आहे. सकाळचा अपरिमित उत्साह हवा आणि रात्रीची खिन्नता मात्र नको, असे म्हणणे म्हणजे उधाणाची भरती ठेवून ओहोटी काढून टाकण्यासारखे आहे. भांगाचे दिवस वयाबरोबर आपोआप येतात. प्रौढ माणसे ज्यास आपला संयम म्हणतात त्यात त्या भांगाचा वाटा किती, हे त्यांनी एकदा प्रामाणिकपणे मोजावे. पण कोळ्याच्या शहाणपणाचा दुसरा अर्धाही विसरता येत नाही. ओहोटीत होडी रेतीवर बसली म्हणून तो ती फोडून सरपणास लावीत नाही. तो जाळे नीट करतो, आणि पाण्याची वाट पाहतो.

येथे प्रश्नाची खरी अडचण पुढे येते. चढउतारास मान द्यावयाचा म्हणजे मन सांगेल तसे वागावयाचे काय? मार्चच्या एखाद्या रात्री विद्यार्थ्यास वाटते, परीक्षा देऊ नये, शिक्षण सोडावे. त्या वाटण्याचे काय करावे? ज्याने ते वाटणे प्रत्यक्षात आणले असा एक थोर विद्यार्थी याच जिल्ह्यातला आहे. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, बडोद्यास महाविद्यालयात शिकत होते. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, आणि मुंबईस न जाता सुरतेस उतरून काशीच्या वाटेस लागले. आपली प्रमाणपत्रे तर त्यांनी त्यापूर्वीच, आईच्या देखत, चुलीत घातली होती. महिना वसंताचा, वय विशीचे, परीक्षा तोंडावर. बाहेरून पाहिले तर परीक्षेस भिऊन पळालेल्या कोणत्याही मुलाच्या कृत्यात आणि या कृत्यात काय फरक दिसतो?

फरक पुढच्या वर्षांत दिसतो. त्याच वर्षी जून महिन्यात ते गांधीजींच्या कोचरब येथील आश्रमात दाखल झाले. १९१७ साली त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ संस्कृत ग्रंथांचे अध्ययन केले. आणि वर्ष पुरे झाले त्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. ज्याने परीक्षा सोडली त्याने अध्ययन सोडले नव्हते. किंबहुना परीक्षेहून कठीण असे वेळापत्रक त्याने स्वतःवर लादून घेतले. प्रमाणपत्रे जाळण्याचा निश्चय एका रात्रीच्या खिन्नतेत झालेला नव्हता. तो ब्रह्मचर्याच्या बालपणीच्या संकल्पापासून वाढत आला होता, आणि अनेक भरती-ओहोट्यांतून तो टिकला होता. मनाच्या लहरीची आणि निश्चयाची ओळख येथेच पटते. लहर आपल्याबरोबर पुढचे काम आणीत नाही. ती फक्त समोरचे काम नको म्हणते. निश्चय एक काम सोडावयास सांगतो तेव्हा त्याहून अवघड असे दुसरे हाती देतो, आणि आठ दिवसांनी विचारले तरी तेच उत्तर देतो.

म्हणून शिक्षण सोडण्याचा विचार मनात आला तर तो तीनपैकी कोणत्या जातीचा आहे हे विद्यार्थ्याने पारखावे असे आम्ही सुचवू. काही विचार ओहोटीचे असतात. त्यांवर उपाय म्हणजे झोप, एखादा मित्र, समुद्रावर एक फेरी, आणि उद्याचा दिवस. काही विचार निश्चयाचे असतात. ते फार थोड्यांना, फार थोड्या वेळा होतात. तिसरी जात गरजेची, आणि बोर्लीसारख्या गावी तिच्याकडे डोळेझाक करून नीतीची चर्चा करणे हा केवळ शब्दविलास होईल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांची छपरे उडाली. कित्येक दिवस वीज नव्हती. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव जुने आणि मानाचे. पण पोफळ एकदा पडली की नवी लावून पहिले फळ हाती येण्यास पाच ते आठ वर्षे जातात. आज महाविद्यालयात असलेली तेथील मुले त्या दिवशी शाळेत होती. म्हणजे त्यांचे शिक्षण आणि वाडीतली नवी रोपे ही बरोबरच वाढत आली आहेत. आणि उत्पन्नाच्या त्या रिकाम्या वर्षांचे ओझे कळत-नकळत मुलांनी वाहिले आहे. अशा घरातला मुलगा वसंतात पुस्तक मिटून बसला तर ती लहर आहे की जबाबदारीची जाणीव, हे दुरून कोण सांगणार? ‘वाडीत शिंपण्याला कोणी नव्हतं’ हे आईचे वाक्य त्यास का लागते, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. मुलीच्या बाबतीत तर ही गुंतागुंत अधिक. ती चार दिवस उदास दिसली की घरात तिच्या शिक्षणाऐवजी तिच्या लग्नाचा विषय निघतो. तिची ओहोटी आणि घराची सोय यांची गाठ पडते, आणि जो निर्णय खरे पाहता कोणीच घेतलेला नसतो तो तिच्या नावावर जमा होतो. गरजेमुळे शिक्षण सोडावे लागणे यात लाज नाही. पण ती गरज असेल तर घराने तिला गरज म्हणून उघड मांडावे, हिशेब दाखवावा, आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. मुलाच्या खिन्नतेच्या आडून आपली अडचण भागवून घेणे हे मात्र अन्यायाचे आहे.

मग वडीलधाऱ्यांनी करावे तरी काय? पोफळीची वाडी ज्यांनी लावली त्यांस हे वेगळे सांगावयास नको. पोफळीचे कोवळे रोप कडक उन्हात उघडे ठेवले तर ते होरपळते. म्हणून त्याच्या शेजारी केळ लावतात. पुढे ज्या झाडास वर्षानुवर्षे समुद्राचा वारा खावयाचा आहे त्यास आतापासूनच उन्हाची सवय व्हावी, असा युक्तिवाद कोणताही बागाईतदार करीत नाही. आधी सावली आणि पाणी, आणि त्यांतून ताठ खोड, असा क्रम तो जाणतो. समत्व हे त्या खोडासारखे आहे. ते शेवटी यावयाचे असते. ज्यांस ते चाळीस वर्षांनी थोडेबहुत लाभले त्यांनी ते वीस वर्षांच्या मुलाकडे एका रात्रीत मागावे, आणि न मिळाल्यास त्यास दुबळा म्हणावे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. निकालाचा एक दिवस हा आपल्या साऱ्या जन्माचा निवाडा आहे असे मानून काही मुले जिवावर उदार होतात, हे दरवर्षी निकालाच्या सुमारास कानी येते. त्या मुलांस तत्त्वज्ञान कमी पडले नव्हते. त्यांच्या खिन्नतेस कोणी खरी मानून तिच्याजवळ तासभर बसले नव्हते, असेच पुष्कळदा मागाहून कळते.

विद्यार्थ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि सावलीची मागणी करताना ते विसरता येत नाही. आपले चढउतार खरे मानणे निराळे आणि त्यांचे लाड करणे निराळे. जो रोज आपल्या मनाची नाडी पाहत बसतो आणि दुसऱ्या कोणाची पाहत नाही, त्याची खिन्नता हळूहळू चैनीची होते. यावर उपाय कठीण नाही. आईच्या वाक्याने दुखावलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी पहाटे पोफळीच्या आळ्यांत पाणी सोडावे आणि मग पुस्तक घ्यावे; अर्ध्या तासाने परीक्षेचे काही बिघडत नाही. मित्राचे चार गुण खुपले तर त्याच मित्राकडे शंका घेऊन जावे. मन भरतीत असेल तेव्हा अवघड प्रकरण उघडावे, ओहोटीत असेल तेव्हा सोपे. पण कोणत्याही ओहोटीत कसलाही कायमचा निर्णय लिहू नये. रोमचा सम्राट मार्कस ऑरिलियस याने डॅन्यूब नदीकाठच्या लष्करी छावण्यांत स्वतःस उद्देशून टिपणे लिहिली. ती वाचताना दिसते की समचित्तपणासाठी प्रसिद्ध असलेला तो पुरुष तेच तेच धडे स्वतःस पुनःपुन्हा सांगत होता. एकदा शिकून संपावे असे हे शास्त्रच नव्हे. सम्राटास जे प्रौढ वयात रोज नव्याने शिकावे लागले ते वीस वर्षांच्या मुलास आज साधले नाही, तर त्याने खजील का व्हावे?

असो. परीक्षा यंदा होतील, पुढच्या वर्षीही होतील. त्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी मुलास ‘मन स्थिर ठेव’ हे सांगण्यापूर्वी ‘आज काय झाले?’ एवढे विचारावे, आणि उत्तर पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये, इतकीच आमची विनंती आहे. उपदेश नंतर करता येईल. कदाचित तोपर्यंत त्याची गरजही उरणार नाही.